मदत हवी आहे: स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅम्पर व्हॅन, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी, एप्रिलमध्ये मालागाहून कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन आधी पूर्वेला नेरखा, आल्मेरिया, काबो दे गाता आणि मग उलट फिरून तारिफापर्यंत जायचं ठरवतोय. हातात १० दिवस आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, आईला पहाटे साडेपाचला आल्याचा चहा लागतोच.

खरी अडचण रात्रीच्या मुक्कामाची. नियमात पार्क करून गाडीत झोपणं वेगळं. बाहेर खुर्च्या मांडल्या, गाडीच्या बाजूचं कापडी छत उघडलं की ते कॅम्पिंग धरतात, एवढं कळलंय. काबो दे गाताच्या राखीव भागात तर कॅम्पसाइटबाहेर रात्र काढायला मनाईच आहे. गेल्या वर्षी पोर्तुगालमध्ये रात्री दोनला पोलिसांनी काच ठोठावून उठवलं होतं. आई-बाबांसोबत तसं अजिबात नको.

तिथे व्हॅनने राहिलेल्या कुणी सपाट जमिनीची, बाथरूम जवळ असलेली कॅम्पसाइट सांगाल का? आणि तारिफाचा लेवान्ते, म्हणजे पूर्वेकडून येणारा जोरदार वारा! उंच गाडी त्यात कितपत हलते? तिथून अवघ्या १४ किलोमीटरवरचं आफ्रिकेचं टोक बाबांना दाखवायचंच आहे, म्हणून तो टप्पा गाळायचा नाहीये. कृपया स्वतःचा अनुभव असेल तर सविस्तर लिहा.