कर्त्या पुरुषाला पहाटेचे ध्यान शिकवणाऱ्यांस

मितभाषी :
'प्रसन्नचित्त' यांच्या कालच्या टिपणाकडे मी दुर्लक्षच करणार होतो. परंतु त्याखाली जमलेली वाहवा पाहून लिहिणे भाग पडले. टिपणाचा सारांश असा, की एकट्याच्या कमाईवर घर चालवणाऱ्या पुरुषाने पहाटे उठून ध्यान करावे, रोजचा खर्च वहीत लिहावा, कामावरच्या चिंता कामावरच ठेवाव्यात आणि पैशाची ओढाताण बायकोमुलांच्या कानावर जाऊ देऊ नये, कारण 'खांब हलला की छप्पर हलते'.

खर्च लिहिल्याने कोणाचे वाईट झालेले नाही. माझा आक्षेप असा आहे, की या टिपणात ताण हा माणसाच्या स्वभावातील दोष ठरवला आहे आणि कामाचे तास, वरिष्ठांचा लहरीपणा व डोक्यावरची देणी यांविषयी अवाक्षरही काढलेले नाही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडले होते, की कामाचा भार मोठा आणि त्या कामाबाबत निर्णय घेण्याचा अधिकार लहान, ही जोडी माणसाला पोखरते; नुसता भार तितका पोखरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. अशा माणसाला पहाटे चारला उठवणे म्हणजे त्याची उरलीसुरली झोपही काढून घेणे होय.

घरी काही सांगू नका, हा सल्ला तर मला सरळसरळ घातक वाटतो. माझ्या थोरल्या भावाची पगारकपात झाली, तेव्हा घरात कळू नये म्हणून त्याने मुलीच्या शिकवणीपासून गाडीच्या हप्त्यापर्यंत सर्व काही पूर्वीसारखेच चालू ठेवले आणि दरमहाची तूट क्रेडिट कार्डावर ढकलली. महिन्याला ३ टक्के व्याज हा आकडा किरकोळ दिसतो. चक्रवाढीने तो वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातो. वहिनीला हे कळले ते वसुलीसाठी आलेल्या फोनवरून. तिचा राग कर्जावर नव्हताच. "मला विचारले असते, तर गाडी मी त्याच महिन्यात विकायला लावली असती," असे ती म्हणाली, आणि त्यावर भावाकडे उत्तर नव्हते.

प्रसन्नचित्त :
मी 'पहाटे' असे लिहिले होते, 'चारला' असे नव्हे. टीका करण्यापूर्वी मूळ मजकूर नीट वाचण्याची प्रथा अजून पूर्णपणे बंद पडलेली नाही, असा माझा समज होता.

आता मुख्य मुद्दा. मीही घरात एकटाच कमावतो आणि आपल्या आवडीचा प्रयोग मी करून पाहिलेला आहे. आमची कंपनी डळमळू लागली, तेव्हा मी पत्नीला सर्व काही सांगितले : शिल्लक किती, हप्ते किती, पगार थांबला तर किती दिवस निभेल. कंपनी पुढे सावरली, परंतु पत्नीची झोप सावरली नाही. प्रत्येक खरेदीपूर्वी ती माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागली, आणि धाकट्या मुलाने शाळेच्या सहलीला 'मला जायचेच नाही' असे सांगून टाकले, कारण त्याने आमचे बोलणे ऐकले होते. एकाची चिंता दोघांत वाटून घेतल्याने अर्धी होते हे गणित मला मान्य नाही. आमच्या घरी तर ती तिप्पट झाली. म्हणून मी लिहिले ते अभ्यासांच्या आधारे नव्हे, अनुभवाने लिहिले.

ताळेबंद :
दोन्ही बाजू मूळ सोडून फांद्यांवर भांडत आहेत. ताणाचे मूळ कर्जात आहे. ९ टक्के दराने २० वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज घेतले, तर पहिल्या हप्त्यातील सुमारे पाच षष्ठांश रक्कम निव्वळ व्याजात जाते, पाच वर्षे इमानेइतबारे हप्ते भरल्यावरही मुद्दलातील ८८ टक्क्यांहून अधिक शिल्लक असते आणि अखेरपर्यंत घेतलेल्या रकमेच्या सुमारे २.१६ पट रक्कम भरावी लागते. याउलट दरवर्षी एकच जादा हप्ता भरत गेल्यास मुदत सुमारे साडेतीन वर्षांनी घटते. बोनस असो वा वडिलोपार्जित काही मिळो, हाती आलेली प्रत्येक जादा रक्कम कर्जात भरावी. कर्ज फिटलेल्या माणसाला वरिष्ठांची भीती वाटत नाही, आणि मग ध्यानही लागते.

सावधान :
ताळेबंद यांचे गणित बरोबर आहे आणि सल्ला चुकीचा आहे. कर्जात भरलेली रक्कम भिंतींत जाऊन बसते. नोकरी गेल्यावर भिंत फोडून ती काढता येत नाही. माझ्या मेहुण्याने सलग काही वर्षे प्रत्येक बोनस याच उत्साहाने कर्जात भरला. नंतर त्याचा संपूर्ण विभागच बंद झाला, आणि बँकेने पुढचा हप्ता एका दिवसानेही पुढे ढकलला नाही. आधी जास्त भरले आहे, हे त्याने सांगून पाहिले; त्यामुळे मुदत कमी झाली आहे, हप्ता नव्हे, असे उत्तर मिळाले. वाढीव कर्ज मागितले, तर पगाराची पावती मागितली गेली. किमान सहा महिन्यांचा खर्च, हप्त्यांसह, रोख किंवा तत्काळ मोडता येईल अशा ठेवीत ठेवल्याशिवाय एक पैसाही कर्जात जादा भरू नये. व्याज थोडे अधिक जाईल, ते झोपेचे मोल समजावे.

ताळेबंद :
मेहुण्याची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. आपण सांगता तशी रोख रक्कम प्रत्यक्षात सहा महिने टिकलेली मी क्वचितच पाहिली आहे. हाताशी पैसा आहे हे दिसताच कोणाचे तरी लग्न निघते, कोणाला तरी नवा फोन हवा असतो, आणि संकटासाठी ठेवलेली रक्कम संकटाच्या आधीच संपते. कर्जात भरलेला पैसा निदान नातेवाईकांच्या नजरेस पडत नाही.

सावधान :
आपल्या घरी पैसा टिकत नाही, म्हणून सर्वांनी तो बँकेच्या स्वाधीन करावा, हा तर्क अपूर्व आहे.

ताळेबंद :
माझे घर मध्ये आणण्याचे काही कारण नव्हते. मी पंचवीस वर्षे लोकांचे हिशेब तपासत आलो आहे आणि जे लिहिले ते त्यांच्या घरांविषयी होते.

उंबरठा :
व्याजदरावरून दोन सज्जन हातघाईवर आले आहेत, म्हणून मध्ये बोलते. या साऱ्या चर्चेत कर्ज 'त्याचे', बोनस 'त्याचा', भीतीही 'त्याची'. आमच्या गृहकर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून माझी सही आहे. बँकेने माझी सही मागितली, नवऱ्याने माझे मत कधी मागितले नाही. हप्ते थकले असते, तर बँक मला "तुम्ही गृहिणी आहात, तुम्ही झोपा" असे म्हणणार नव्हती.

आता प्रसन्नचित्त यांच्या पत्नीविषयी. मितभाषी यांनी कारासेक यांचा दाखला कार्यालयापुरता दिला, तो मी घराला लावते. आपण पत्नीला आकडे सांगितले. त्या आकड्यांबाबत काही ठरवण्याचा अधिकार तिला दिला होता का? कोणता हप्ता थांबवायचा, कोणता खर्च कापायचा, तिने पुन्हा कमवायला लागायचे की नाही, यांपैकी एक तरी निर्णय तिच्या हाती होता का? आपल्याच शब्दांत ती खरेदीपूर्वी आपला चेहरा पाहत असे. ज्याच्या हाती काही नसते, तोच दुसऱ्याचा चेहरा पाहतो. भार दिला आणि अधिकार स्वतःकडे ठेवला, मग झोप उडाली यात नवल ते काय?

आमच्या घरी मी हट्टाने हिशेब स्वतःकडे घेतला. पहिले काही महिने रोज भांडण होत असे, हे लपवत नाही. पण त्यानंतर विम्याच्या नावाखाली गळ्यात मारलेल्या दोन महागड्या योजना मी बंद केल्या, आणि नवऱ्याला रविवारचे जादा काम सोडता आले.

पूर्णविराम :
उंबरठा यांचा युक्तिवाद चपखल आहे, परंतु त्यात पुरुषाच्या मौनाला केवळ सत्तेचा हव्यास ठरवले आहे, ते अन्यायाचे आहे. ऑस्ट्रियातील मारियेनथाल या गावातील गिरणी बंद पडल्यावर समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग देखील मोजला होता. बेकार पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत, आणि दिवसभर काय केले हे त्यांना धड सांगता येत नसे. पगारासोबत माणसाचा दिवसच जातो, आणि असा माणूस घरी येऊन 'मला भीती वाटते' असे चटकन म्हणू शकत नाही. जगभरात पुरुषांच्या आत्महत्यांचे प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक आहे, याचे ओझेही चर्चेत असू द्यावे. मी निवृत्त होईपर्यंत घरी "आज कसे गेले?" हा प्रश्न मला कोणी विचारल्याचे आठवत नाही. पगार झाला का, हे मात्र दरमहा विचारले जाई.

ताळेबंद यांच्यासाठी आणखी एक. १९६७ पासून ब्रिटिश सरकारी नोकरीतील पुरुषांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात तळाच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला, आणि धूम्रपानादी कारणांनी त्या तफावतीचा काही भागच उलगडला. नोकरी सुरक्षित आणि निवृत्तिवेतन ठरलेले असलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. कर्ज फिटले की भीती फिटते, असे म्हणणे म्हणूनच मला भाबडेपणाचे वाटते.

उंबरठा :
मारियेनथालचा दाखला दिलात, तर तो पूर्ण द्यावा. त्याच रस्त्यावर बायका न थांबता भरभर चालत होत्या, कारण गिरणी बंद झाली तरी चूल आणि मुले बंद झाली नव्हती. "आज कसे गेले?" हे त्यांना तरी कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. पुरुषाचे दुःख मला मान्य आहे. ते न सांगण्याचा हक्क मात्र, सहकर्जदाराची सही घेतल्यानंतर, मला मान्य नाही.

मितभाषी :
माझाच दाखला माझ्यापेक्षा चांगला वापरल्याबद्दल उंबरठा यांचे आभार मानावेत की निषेध करावा, हे ठरत नाही. 'घरी सांगा' एवढेच म्हणून मी थांबलो होतो. सांगून पुढे काय, हे त्यांनी सांगितले. पूर्णविराम यांचेही एक खरे आहे. माझा भाऊ अहंकारी नव्हता, घाबरलेला होता. मात्र त्याला गप्प राहण्याचे धडे देणारी टिपणे त्याही वेळी सुटलेली होतीच.

सावधान :
माझ्या आणि ताळेबंद यांच्या वादावर तोडगा आहे, तो त्यांना ठाऊक असूनही ते सांगत नाहीत. काही बँका गृहकर्जाला जोडलेले ओव्हरड्राफ्ट खाते देतात. त्यात जादा रक्कम ठेवली, तर तेवढ्या रकमेवरचे व्याज वाचते आणि गरज पडल्यास ती काढताही येते.

ताळेबंद :
ठाऊक आहे. त्याचा दर बहुधा थोडा चढा असतो, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. तरीही ज्याच्या नोकरीचा भरवसा नाही त्याने ते घ्यावे, इतके मी मान्य करतो. याहून अधिक काही माझ्याकडून अपेक्षू नये.

प्रसन्नचित्त :
पत्नीला अधिकार दिला नव्हता, हे कोणी अनोळखी व्यक्तीने येथे सुनवावे, हे मला रुचलेले नाही. टिपणातील घरी न सांगण्याचे वाक्य मात्र मी काढून टाकतो आहे. खांबाचे वाक्यही काढले आहे, म्हणजे आता ध्यानाला तरी क्षमा मिळेल.

ताळेबंद :
जाता जाता सहकर्जदाराविषयी. कमावता माणूस गेल्यास उरलेले कर्ज सहकर्जदाराच्या गळ्यात पडते. शिल्लक कर्ज आणि काही वर्षांचा घरखर्च भागेल इतक्या रकमेचा साधा मुदत विमा घ्यावा. बचत आणि विमा यांची भेळ करणाऱ्या योजनांत पैसा गुंतवला, की संरक्षण तोकडे राहते.

उंबरठा :
या धाग्यात प्रथमच आपल्याशी सहमत आहे. फक्त ते कागद कोणत्या कपाटात ठेवले आहेत, हेही जिच्यासाठी विमा काढला तिला सांगून ठेवावे.