मदत हवी आहे: फिजिओथेरपीसाठी आठ लाखांचं कर्ज काढावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही कळव्याला राहतो. लेकीला फिजिओथेरपीलाच जायचंय. गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ही रोज संध्याकाळी टॉवेलची गुंडाळी त्यांच्या गुडघ्याखाली ठेवून "आजी, खाली दाब, पाच मोज" म्हणत बसायची. तिच्या आवडीबद्दल शंका नाही. धास्ती पैशाची आहे.

खाजगी कॉलेजची फी वर्षाला दोन लाख धरली तर चार वर्षांचे आठ लाख. इंटर्नशिपसकट पाच वर्षं, पुढे हप्ता सुरू व्हायला एक वर्षाची सवलत. पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. १० टक्के सरळव्याजाने वहीत मांडून पाहिलं, तर तोवर आठाचे ११ लाख ६० हजार होतात आणि दहा वर्षांसाठी हप्ता महिना १५,३०० च्या पुढे जातो. आमच्या बिल्डिंगमधली मुलगी घोडबंदर रोडच्या एका क्लिनिकमध्ये १८ हजारांवर लागली. मग हातात उरणार काय? शिवाय साडेसात लाखांच्या वर बँक साधारणपणे तारण मागते, आणि आमच्याकडे राहतं घर सोडून काही नाही.

ठाणे-नवी मुंबईत या कामात असलेल्यांनी कृपया सांगा, तीन-चार वर्षांनी पगार खरंच किती होतो? होम व्हिजिटचे महिन्याला कितपत सुटतात? मास्टर्सशिवाय भागतं का? शिकत असतानाच व्याज भरत गेलेलं कुणी आहे का?

ह्यांचं म्हणणं, लॅब टेक्निशियनचा कोर्स स्वस्तात होतो, तो करू दे. लेक दोन दिवस जेवताना बोललेली नाही.