साडेसहा फुटी बेड, १२,००० पाउंडांचा ट्रेलर: फिफ्थ व्हील हिच कोणता घ्यावा?

रिकामटेकडा
मंडळी, पाऊण टनी (हे नुसतं वर्गाचं नाव) पिकअप आहे, बेड म्हणजे मागचा उघडा हौदा साडेसहा फुटी. आजवर बंपरखालच्या बॉलला छोटा ट्रेलर लावून हिंडलो. आता मनात भरलाय तो फिफ्थ व्हील, म्हणजे बेडमध्ये बसवलेल्या हिचला (जोडणीला) लागणारा मोठा ट्रेलर, भरल्यावर १२,००० पाउंडांपर्यंत जातो. १६,००० पाउंड क्षमतेचा हिच पुरेल की २४,०००चा घेऊन कायमचं निश्चिंत व्हावं? बेडला भोकं पाडायचं जिवावर आलंय. सौ. म्हणते, आधी विचार, मग पाड.

जुना गाडीवान
वहिनींचं ऐक. हिचवरचा आकडा नंतर बघू, आधी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं स्टिकर वाच. माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन पेलते ते त्यावर असतं. फिफ्थ व्हीलचं साधारण १५ ते २५ टक्के वजन पिनमधून (ट्रेलरची हिचमध्ये अडकणारी खुंटी) थेट गाडीच्या मागच्या आसावर येतं. २० टक्के धर, म्हणजे २,४०० पाउंड. ब्रोशरमधला पिनचा आकडा बघून हुरळू नकोस, तो रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात हिचचे १५०, तुम्हा दोघांचे ३५०. झाले २,९००, आणि अजून हत्यारांची पेटीसुद्धा चढलेली नाही.

मी हौसेनं दणकट हिच घेतला होता. गाडीची ताकद त्यानं तसूभरही वाढली नाही, उलट त्याच्याच वजनानं पेलोड, म्हणजे स्टिकरवरची वजन पेलायची मर्यादा, खाल्लं. शिवाय एकट्यानं तो बेडमधून उतरवणं म्हणजे कंबरेचा सत्यानाश. तुला १६,०००चा भरपूर झाला.

खरा घोळ तुझ्या आखूड बेडचा आहे. ट्रेलर आठ फूट रुंद, म्हणजे पिनपासून दोन्हीकडे ४८ इंच. काटकोनात वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या दिशेनं फिरतो, आणि आखूड बेडमध्ये आसापासून केबिनपर्यंत तेवढी जागा नसते. म्हणून स्लायडर, म्हणजे सरकणारा हिच घ्यायचा. तो वळणापुरता पिनला मागे सरकवतो. पण हाताचा स्लायडर असेल तर खाली उतरून खटका ओढावा लागतो. एका संध्याकाळी पाऊस होता, म्हटलं एवढ्याशा वळणाला कोण उतरतंय. मागची काच गेली. अख्ख्या प्रवासात मागून वारा खात आलो.

आपोआप सरकणारा महाग आणि जड, शिवाय त्यासाठी ट्रेलरच्या पिनला वेगळी प्लेट बसवावी लागते. तरी विसरभोळ्या माणसानं तोच घ्यावा. आजकालच्या ट्रेलरांचे पुढचे कोपरे बरेच कापलेले असतात, त्यामुळे कुणी म्हणेल स्लायडर लागतच नाही. मोजल्याशिवाय त्याचं ऐकू नकोस.

निळा टायर
भोकांचं सांगतो. बेडमध्ये झाकणं लावलेली चार गोल भोकं दिसतात का बघ. कंपनीचं पॅकेज असेल तर हिचचे पाय थेट त्यात बसतात, काही पाडायचं नाही. नसेल तर रेल (बेडला बोल्टनं बसवायच्या पट्ट्या), किंवा मधोमध एकच मोठं भोक पाडून खालून गूसनेकचा (बेडमधल्या बॉलवर ट्रेलर जोडायची दुसरी पद्धत) २ ५/१६ इंची बॉल. त्याच भोकात बसणारे फिफ्थ व्हील हिच मिळतात. हिच काढला की बेड सपाट.

मात्र ट्रेलरच्या पिनला लांब नळी जोडून तिनं बॉल पकडणारं अ‍ॅडॉप्टर घेऊ नका. जोर लावायची जागा खाली गेली की ट्रेलरच्या चौकटीवर ताण वाढतो. वॉरंटीचं आधी विचारून घ्या.

जुना गाडीवान
बरोबर. आणि बेडच्या कडेपासून ट्रेलरच्या पोटापर्यंत निदान सहा इंच सोड. खडबडीत रस्त्यावर तेवढे लागतातच. जोडल्यावर ट्रेलरचे पाय जमिनीवर असतानाच त्याचे ब्रेक दाबून गाडी हलकेच पुढे ओढून बघायची. पिन कधी कधी हिचच्या जबड्यात (पिन पकडणाऱ्या भागात) न जाता वरच टेकलेली असते, दिसताना मात्र सगळं ठीक दिसतं. तशीच गाडी काढली तर ट्रेलर धाडकन बेडच्या कडांवर. मी टॉर्च लावून जबडा बघतो, शेजारी हसले तरी.

रिकामटेकडा
चार झाकणं सापडली, म्हणजे भोकांचा प्रश्न मिटला. स्टिकर मात्र २,६१० म्हणतंय. सौ. काही बोलली नाही, नुसती कॅल्क्युलेटर ठेवून गेली. ट्रेलरला अजून बयाणा दिलेला नाही. ९,५००च्या आतला बघतो आणि मग स्लायडरबद्दल विचारायला परत येतो.