तीन मुखड्यांपैकी कुठला पूर्ण करू? जाहिरात लावून अनोळखी लोकांनाच विचारायचंय (बजेट ७,०००)

मिरज_रात्रपाळी
नमस्कार मंडळी. दिवसा मिरजेत औषधांच्या दुकानात काम, रात्री गाणी. तीन मुखडे घरीच रेकॉर्ड केलेत, वीस-पंचवीस सेकंदांचे. एक पावसातलं प्रेमगीत, दुसरं हळदीच्या शिवारावरचं ठसक्याचं, तिसरं २०१९च्या पुराचं, नुसता आवाज आणि तानपुरा. स्टुडिओत पूर्ण करायला पैसे एकाच गाण्यापुरते आहेत. मित्रांना विचारलं तर तिन्ही भारी म्हणतात, त्यांचा काही उपयोग नाही. रीलवर पैसे देऊन जाहिरात लावली तर कुठला मुखडा लोक ऐकतात ते कळेल का? सगळं मिळून ७,००० रुपये. त्याच्या वर रुपयाही नाही.

कासवाला_११
भावा, सात हजारात काय होणार? मी गेल्या वर्षी सव्वा लाखाचा व्हिडिओ केला. ड्रोन, दोन कॅमेरे, ठोसेघरला दोन दिवस शूटिंग. वर ४० हजार यूट्यूबच्या जाहिरातीला. तीन लाख व्ह्यूज आहेत आज. आधी व्हिडिओ कर, मुखड्याचं नंतर बघ.

कोरेगावची_लेक
त्या तीन लाखांतून सबस्क्राइबर किती आले? गाण्याआधी येणाऱ्या जाहिरातीत पाच सेकंदांनी स्किप करता येतं, ३० सेकंद बघितलं की पैसे कापले जातात. व्ह्यू वाढतो, पण तो बघण्याचा वेळ यूट्यूबवरून कमाई सुरू व्हायला लागणाऱ्या ४,००० तासांत धरत नाहीत. संगीताच्या चार्टसाठी तर यूट्यूबने २०१९ पासून जाहिरातीचे व्ह्यूज मोजायचेच बंद केलेत.

कासवाला_११
चार्ट कुणाला पाहिजे? साताऱ्यात कार्यक्रमाच्या दोन सुपाऱ्या मला त्या आकड्यावर मिळाल्या. आयोजक आधी व्ह्यूजच बघतो.

विटेकर_संबळ
माझं ऐक आणि शहाणा हो. इन्स्टाग्रामवर एकाचा मेसेज आला, ५,००० रुपयांत दहा हजार स्ट्रीम, गॅरंटी. दिले. चार दिवसांत आकडा आला, पण ऐकणारे अशा देशांतले जिथं मराठी कळणारं माणूस सापडणार नाही. महिन्याभरात डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे गाणं ॲप्सवर चढवणाऱ्या कंपनीची मेल आली, स्ट्रीम बनावट, गाणं काढलं. वर्षभराची मेहनत होती ती. गॅरंटी म्हणणाऱ्याला फुटकी कवडी देऊ नको. आता स्पॉटिफायवर बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय रॉयल्टी नाही, म्हणून असले लोक जास्तच मागे लागतात.

सतारमेकर_गल्ली
तानपुरा खरा आहे का ॲपमधला?

मिरज_रात्रपाळी
ॲपमधला. घरात आजोबांचा तानपुरा आहे, पण जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घासणी) गेलीय आणि तारा गंजल्यात.

सतारमेकर_गल्ली
मिरजेत राहून ॲपचा तानपुरा! २०२४ मध्ये आपल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावात तरी असं करू नका. जवारी काढून घ्या, मग जाहिरात.

हरभट_रोड
मोबाइलच्या स्पीकरवर कुणाला फरक कळतो? बरेच लोक तर रील आवाज बंद ठेवून बघतात.

सतारमेकर_गल्ली
ज्याला कळायचा त्याला कळतो.

विश्रामबाग_जाहिरात
मूळ प्रश्नावर येते. साडीच्या दुकानाच्या जाहिराती मी चार वर्षं लावतेय, गाण्याच्या दोनदा लावल्यात.

पोस्टखालचं बूस्ट बटण नको, मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये जा. तिन्ही मुखडे एकाच ॲड सेटमध्ये (एकच बजेट, एकच प्रेक्षकगट) टाकलेस तर पहिल्या काही तासांत जो पुढे जाईल त्यालाच यंत्रणा सगळे पैसे देते आणि बाकीचे दोन कुणी ऐकतच नाही. ए-बी टेस्ट लाव. त्यात लोकांचे गट वेगळे पडतात, एकच माणूस दोन मुखडे ऐकत नाही. चित्र, मजकूर, वेळ, वय सगळं तिन्हींना सारखं. बदलायचं फक्त गाणं. एकीकडे स्वतःचा चेहरा आणि दुसरीकडे हळदीचं शेत दाखवलंस तर लोक गाण्याला थांबले की शेताला, हे कधीच कळणार नाही. काळी पाटी, त्यावर देवनागरीत ओळी, एवढं पुरे. आवाज बंद असला तरी ओळी वाचून माणूस थांबतो. जागा फक्त रील आणि स्टोरी. बाहेरच्या ॲप्सवर दाखवायची खूण काढून टाक, तिथं चुकून पडलेली बोटं मोजली जातात.

आता महत्त्वाचं. १५ सेकंद बघितलं की थ्रूप्ले धरतात. तुझा मुखडा पंचवीसचा असेल तर शेवटपर्यंत किती गेले ते वेगळ्या कॉलममध्ये बघावं लागेल. लाइकपेक्षा सेव्ह आणि शेअर बघ. आणि १८ टक्के जीएसटी वर लागतो, म्हणजे ७,००० मधले साधारण ५,९०० च जाहिरातीला उरतात. सगळे एकदम उडवू नकोस.

पुण्यात_सांगलीकर
सांगलीत लावू नका, पुण्या-मुंबईत लावा. ऐकणारा तिथंच आहे.

हरभट_रोड
उलट. गावच्या माणसानं उचललं नाही तर पुणेकर काय उचलणार?

विश्रामबाग_जाहिरात
कुठलंही घ्या, पण तिन्ही मुखड्यांना तेच घ्या.

तासगाव_द्राक्षे
बूस्ट बटण दाबू नका एवढंच सांगतो. माझे तीन हजार गेले त्यात.

मिरज_रात्रपाळी (दहा दिवसांनी)
केलं. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर. प्रत्येकी रोज २०० रुपये, सहा दिवस. ३,६०० आणि जीएसटी ६४८. थ्रूप्ले हळदीचा सगळ्यात स्वस्त, जवळपास निम्म्या दरात. प्रेमगीत मधे, पुराचं सगळ्यात महाग. पण सेव्ह: हळद १४, प्रेमगीत ९, पूर ४१. पुराच्या मुखड्याची पहिली ओळ आहे ‘आयर्विनला पाणी किती फूट’ (सांगलीचा आयर्विन पूल, पुराचं पाणी तिथंच मोजतात). त्याखाली लोकांनी आपापल्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते लिहिलंय. एकीने लिहिलंय, माळ्यावर चार शेळ्या आणि सासूबाई. काय करू?

कासवाला_११
हळद! विचारायचं काय त्यात? लग्नात, मिरवणुकीत वाजेल. पुरावर कोण नाचणार?

विटेकर_संबळ
हळदच घे. सुपाऱ्या त्यावर येतील.

कोरेगावची_लेक
माझंही मत हळदीला. पहिलं गाणं चालणारं काढ, पुराचं दुसरं.

विश्रामबाग_जाहिरात
इतक्या थोड्या आकड्यांवर ४१ आणि १४ मधला फरकही मी छातीठोक सांगणार नाही. कमेंट आल्या की पोस्ट वर ढकलली जाते, सेव्ह त्यानेही वाढतात. दर निम्मा असेल तर पुढची जाहिरातही निम्म्यात पडेल. मी हळद घेतली असती. नाहीतर उरलेल्या पैशांत त्या दोघांचीच पुन्हा टेस्ट घे.

मिरज_रात्रपाळी
सगळ्यांचं तीनतीनदा वाचलं. पुराचं करतोय. हळदीचं लोकांनी ऐकलं आणि पुढे गेले. याच्याखाली थांबून त्यांनी आपलं सांगितलं. त्यांना पूर्ण गाणं द्यायचं राहिलंय असं वाटत राहतं. उरलेले २,७५२ रुपये दुसऱ्या टेस्टला लावत नाही. तानपुरा काल गल्लीत दिला, जवारी आणि नवीन तारा, त्यातच बसतंय म्हणाले.

सतारमेकर_गल्ली
शाबास. स्टुडिओत नेण्याआधी दोन दिवस घरात लावून ठेवा, नव्या तारा उतरतात.

कासवाला_११
चूक करतोयस भावा. नंतर सांगितलं नाही म्हणू नकोस.

विश्रामबाग_जाहिरात
निर्णय तुझा. एक मात्र आजच कर. ज्यांनी पुराचा मुखडा शेवटपर्यंत बघितला त्यांची कस्टम ऑडियन्स, म्हणजे पुन्हा जाहिरात दाखवायची यादी, बनवून ठेव. जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंतचे प्रेक्षक त्यात राहतात. गाणं आलं की आधी त्यांनाच दाखव.

मिरज_रात्रपाळी
केली ताई. १८० दिवसांची ठेवली होती, आता ३६५ करतो.