मदत हवी आहे: स्किन-लेझर क्लिनिकमध्ये टीप चालू ठेवावी की बंद करावी?

अबोली_सोलापूर
नमस्कार. सोलापुरात आमचं स्किन आणि लेझर क्लिनिक आहे, रोजचं सगळं मी बघते. तुळशीचं लग्न झालं की नवऱ्या मुलींची गर्दी सुरू होते, बुकिंग आत्ताच भरत आलंय आणि नेमका आताच स्टाफमध्ये पेशंटकडून मिळणाऱ्या टिपेवरून रोज वाद. डॉक्टर म्हणतात, दवाखान्यात टीप कसली, बोर्ड लावा आणि बंद करा. स्टाफमधल्या मुली म्हणतात, बंद केली तर आम्ही दुसरीकडे बघतो. लग्नसराईत हाताखालची माणसं गेली तर नवीन कुठून आणू? मशीन शिकवायलाच महिने जातात.
त्यात परवा एका पेशंटने रिसेप्शनवर तक्रार केली आणि उरलेल्या सेशनचे पैसे परत मागितले.
मला एवढंच हवंय की बोर्डावर काय लिहायचं. कुणाकडे तयार मजकूर असेल तर द्या. सोमवारी मीटिंग आहे. "तुमचं तुम्ही ठरवा" असं कृपया सांगू नका.

होटगीरोडकर
बंद करा की ओ सरळ. दाढ काढल्यावर डॉक्टरला कोण टीप देतंय का? मग चेहऱ्याला काय वेगळं? सेशनचे हजारो रुपये घ्यायचे आणि वर परत हात पुढं. मिसेसला घेऊन एका ठिकाणी गेलतो, निघताना तिघी जणी दारात उभ्या. खिशात सुट्टे नव्हते, लई अवघड झालं. "टीप देऊ नये" एवढं मोठ्या अक्षरात लिहा, विषय संपला.

निशिगंध
संपला कसा? अबोलीताई, तुम्ही निम्मी माहितीच दिलेली नाही. टीप नेमकी कोणाला मिळते? लेझर करणारीला, फेशियलवालीला की सगळ्यांना? रोख देतात की क्यूआरवर? डॉक्टर पूर्णवेळ असतात का? आणि पेशंटची तक्रार काय होती? तक्रार कळल्याशिवाय मजकूर कसा सुचवणार?

कैचीवाला_विजापूररोड
माझं सलून आहे. आमच्याकडं यावरून मारामारीची वेळ आलती. एकच उपाय, पेटी. काउंटरवर कुलूपबंद पेटी, चावी दोघांकडं, शनिवारी रात्री सगळ्यांसमोर उघडायची आणि हजेरीप्रमाणे वाटायचं. झाडू मारणाऱ्या मावशींनाही वाटा. तेव्हापासून भांडण नाही. तुम्हीपण पेटी लावा, बोर्डाची गरजच पडणार नाही.

अबोली_सोलापूर
निशिगंध, डॉक्टर सकाळ-संध्याकाळ असतात. बोटॉक्स, फिलर, पीआरपी ही इंजेक्शनं स्वतः देतात. लेझर आणि पील (रसायन लावून त्वचेचा वरचा थर काढणं) त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे थेरपिस्ट करतात. हायड्राफेशियल आणि क्लीनअपला वेगळ्या मुली आहेत. टीप रोख येते, कधीकधी त्यांच्या स्वतःच्या फोनवर. तक्रार म्हणजे टीप मागितली हीच, दुसरं काही नाही. मजकूर मिळेल का?

जर्सीसिटीकर
मूळचा सोलापूरचा, सध्या न्यू जर्सीत. इथं फेशियल, वॅक्सिंग करणारीला १५ ते २० टक्के द्यायची पद्धत आहे. बोटॉक्स किंवा फिलर देणाऱ्या डॉक्टर-नर्सला सहसा देत नाहीत आणि बरीच क्लिनिक घेतही नाहीत. पण कार्ड मशीनवर टिपेचा पडदा आपोआप येतो, त्यामुळे लोक इथंही गोंधळतात. तुम्ही बिलाच्या ॲपमध्येच १०, १५, २० टक्के असे पर्याय द्या. पारदर्शक होईल.

होटगीरोडकर
दादा, तिकडचं तिकडं ठेवा. इथं वीस टक्के म्हटलं तर लोकं मशीन बघूनच परत जातील.

निशिगंध
शिवाय तिकडचा पगाराचा हिशेबच निराळा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, टीप धरून ७.२५ भरले म्हणजे झालं. आपल्याकडे किमान वेतन मालकानेच पूर्ण द्यायचं असतं. तिकडे टीप हा मजुरीचा भाग, इकडे ती खुशी. तो पडदा इथे लावला तर पेशंटला ती फीच वाटणार.

जर्सीसिटीकर
मी पर्याय सांगितला, सक्ती नाही. काही राज्यांत तो कमी पगाराचा नियम चालत नाही, हेही लिहायला हवं.

सिस्टर_जुळेसोलापूर
अबोलीताई, मी ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं काम केलंय म्हणून विचारते. टीप मागितली म्हणजे कुठं मागितली? दारात, रिसेप्शनवर की टेबलावर पेशंट झोपलेला असताना? आणि रोख नोट थेरपिस्ट कोणत्या हाताने घेते? ग्लोव्हज घातलेल्या?

अबोली_सोलापूर
सिस्टर, ट्रीटमेंट रूममध्येच. हनुवटीचं लेझर चालू होतं. पेशंटच्या डोळ्यांवर गॉगल, तोंडाला जेल. मुलगी म्हणाली, "मॅडम, इथं एक पास जास्त मारते, निघताना आमच्याकडं पण बघा." पास म्हणजे त्याच जागेवरून लेझर एकदा फिरवणं. त्या बाईंनी पर्समधून दोनशे काढायला लावले, बरोबर आलेल्या बहिणीने दिले. मुलीने नोट ॲप्रनच्या खिशात घातली आणि पुढचं काम चालू केलं. ग्लोव्हज बदलले नव्हते, हे बहिणीने सांगितलं. हनुवटी दोन दिवस लाल होती, आता ठीक आहे. डॉक्टरांनी तपासलंय.

सिस्टर_जुळेसोलापूर
मग प्रश्न बोर्डाचा नाहीच ओ! "एक पास जास्त" हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त, लेझरची उष्णता तेवढी जास्त ओढून घेते. भाजलं की काळा डाग महिनोनमहिने जात नाही. पॉवर किती आणि पास किती हे पॅच टेस्ट (आधी छोट्या जागेवर करून बघणं) बघून डॉक्टरांनी कार्डावर लिहायचं, थेरपिस्टने त्यात स्वतःहून भर घालायची नाही. दोनशे रुपये दिले म्हणून जास्त आणि नाही दिले म्हणून कमी, असं एकदा सुरू झालं तर पुढची पेशंट स्वतःच म्हणेल, शंभर घे पण जरा पॉवर वाढव.
आणि नोट म्हणजे शंभर हातांतून फिरलेला कागद. त्याच ग्लोव्हजने ताज्या लेझर केलेल्या त्वचेला हात? पील असतं तर आणखी वाईट.
डोळ्यांवर गॉगल असलेली बाई नाही म्हणूच शकत नाही. तिचा चेहरा तुमच्या हातात आहे. ट्रीटमेंट रूममध्ये पैशाचा विषयच निघता कामा नये, फेशियल असो की लेझर.

कर_सल्ला
एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांवर जीएसटी १८ टक्के आहे. आजारावरच्या उपचाराला सूट आहे. पार्लरच्या साध्या सेवांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) न घेता. तुमचं बिल कोणत्या गटात जातं ते आधी तपासा.

अबोली_सोलापूर
सर, आमचे सीए आहेत. हे मी विचारलंच नव्हतं.

कर_सल्ला
संबंध आहे म्हणून लिहिलं. टीप बिलात घातलीत तर ती तुमची विक्री ठरेल आणि त्यावर कर लागेल. पेशंटने खुशीने कर्मचाऱ्याला दिली तर तसं नाही. क्लिनिकच्या क्यूआरवर टीप आली तर वेगळं खातं करा, कोणाला किती वाटली ते वहीत लिहा. आयटीसी कंपनीच्या हॉटेलांच्या खटल्यात २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की कार्डवरून आलेली टीप मालकाने पुढे वाटली तरी ती मालकाने दिलेला पगार होत नाही, म्हणून मालकाने त्यावर टीडीएस कापायचा नाही. ती ज्याच्या हातात जाते त्याचं इतर उत्पन्न.

अबोली_सोलापूर
हे उपयोगी आहे, धन्यवाद. क्यूआर ठेवतच नाही मग.

कायदाप्रेमी
डॉक्टरांसाठी तर टीप घेणं बेकायदाच आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत ६.४ कलम वाचा, भेट, बक्षिसी, कमिशन सगळं बंद. आणि सेवा शुल्क बिलात लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मनाई केली. पेशंट १९१५ ला फोन लावू शकतो.

सिस्टर_जुळेसोलापूर
६.४ नीट वाचा दादा. ते पेशंट पाठवल्याबद्दलच्या कमिशनवर आहे. पेशंटने खुशीने काही दिलं त्याबद्दल नाही आणि नियमावली डॉक्टरांना लागू, थेरपिस्टला नाही. डॉक्टरांनी टीप घेऊ नये हे मलाही शंभर टक्के मान्य, पण त्या कलमाचा आधार घेऊन नको.

निशिगंध
आणि २०२२ ची ती सूचना हॉटेल-रेस्टॉरंटसाठी आहे. क्लिनिकवर सरळ लागू होत नाही. तत्त्व मात्र घेण्यासारखं आहे: देणाऱ्याने स्वतःच्या मनाने द्यावं, मागून नाही, बिलात घालून नाही.

पूर्वभागातली
मी लेझरवर काम केलेय, आता सोडलंय. सगळेजण पेशंटचं आणि कायद्याचं बोलायलेत, मुलींचं कोणी विचारलं का? दिवसभर उभं राहून हँडपीस धरला की रात्री मनगट वळत नाही. पगार हातात आला की घरभाडं आणि पोराची फी, संपला. टिपेवर घरचं रेशन यायचं.
आणि टीप वाईट म्हणता, पण मी होते तिथं टार्गेट होतं. पेशंटला एका पीलची गरज, आम्ही सहाचं पॅकेज विकायचं, त्यावर इन्सेंटिव्ह. ते चालतं आणि कुणी खुशीनं दिलेले शंभर चालत नाहीत? त्या मुलीनं मागायला नको होतं, जास्त पास तर अजिबात नाही. पण टीप बंद करायच्या आधी ती गेल्यावर त्या घरचं काय करणार ते सांगा. अबोलीताई, तुमच्याकडं टार्गेट आहे का?

होटगीरोडकर
ताई, तुमचं पटतंय. पण मालकाचा पगार कमी म्हणून पेशंटनं का भरायचा?

पूर्वभागातली
पेशंटनं भरावा असं म्हटलंच नाही मी. मालकानं भरावा म्हणतेय.

कैचीवाला_विजापूररोड
म्हणूनच पेटी! सगळ्यांना मिळतं.

पूर्वभागातली
दादा, तुमच्या पेटीत मन लावून काम करणारी आणि फोन बघत बसणारी सारखीच. हातात दिलेले शंभर तिच्या हाताला दिलेले असतात.

कैचीवाला_विजापूररोड
आणि टॉवेल धुणाऱ्या मावशीच्या हाताला कोण देतंय? पेटी नसती तर तिला आजवर दहा रुपये मिळाले नसते. तिच्याशिवाय तुमचा हँडपीस चालला असता का?

सोन्नलगीकर
इथं माहितगार दिसतात म्हणून विचारतो. मला दाढीच्या वरच्या केसांचं लेझर करायचंय. जानेवारीत गड्डा यात्रेला नंदीध्वजाबरोबर दिवसभर उन्हात चालत असतो. डिसेंबरात सेशन घेतलं तर चालेल का?

सिस्टर_जुळेसोलापूर
लेझरच्या आधी आणि नंतर काही आठवडे कडक ऊन टाळायला सांगतात. यात्रा होऊ द्या, त्वचेवरचा टॅन उतरला की सुरू करा. डॉक्टरांना उन्हातलं चालणं आवर्जून सांगा, लपवू नका.

अबोली_सोलापूर
सोन्नलगीकर, कृपया वेगळा धागा काढा, इथे माझं राहून जातंय.
पूर्वभागातली ताई, हो, टार्गेट आहे. थेरपिस्टला पॅकेजवर इन्सेंटिव्ह आहे. आज डॉक्टरांशी बसून बोलले. लेझर आणि पीलवरच्या मुलींचं टार्गेट आम्ही काढतोय आणि मूळ पगार वाढवतोय. रक्कम इथे लिहीत नाही, पण त्या मुलींना विचारून ठरवली. त्या थांबणार आहेत. पॅकेजचा सल्ला फक्त डॉक्टर देणार. पास आणि पॉवर कार्डावर लिहिलेलं, खाली थेरपिस्टची सही. तक्रार करणाऱ्या बाईंना उरलेले पैसे परत केले.
फेशियलवर पेटी ठेवतोय, मावशींसह वाटप. कैचीवाले दादा, चावी दोघींकडे हे तुमचंच घेतलं.
बोर्ड असा लिहिलाय, चुका काढा:
"लेझर, पील, इंजेक्शन व डॉक्टरांच्या कोणत्याही उपचारासाठी टीप देऊ नये. कर्मचारी ती घेणार नाहीत. फेशियल व क्लीनअपबद्दल खुशीने काही द्यायचे असल्यास निघताना पेटीत टाकावे. दिले किंवा न दिले तरी वेळेत व कामात फरक पडणार नाही. कोणी मागितल्यास रिसेप्शनवर सांगावे."

निशिगंध
शेवटचं वाक्य बदला. सहा जणींसमोर काउंटरवर कोण सांगणार? खाली व्हॉट्सॲप नंबर द्या, तो तुमच्याकडेच असू दे. आणि बोर्ड ट्रीटमेंट रूममध्ये नको, गॉगल घातल्यावर काय वाचणार? पैसे भरायच्या जागी लावा.

जर्सीसिटीकर
मजकूर चांगला आहे. पेटी पारदर्शक नको, आत नोटा दिसल्या की मागच्यावर दडपण येतं.

अबोली_सोलापूर
दोन्ही बदलते. एक राहिलं. नवरीची आई शेवटच्या दिवशी मुलींची ओटी भरते, ब्लाउजपीस आणि पेढे देते. तेही बंद म्हणायचं का?

सिस्टर_जुळेसोलापूर
पेढे सगळ्यांत वाटा, मशीनच्या खोलीबाहेर. ओटी भरायला येणाऱ्या आईला परत पाठवू नका. पाकिटात रोकड असेल तर मात्र पेटीत.

होटगीरोडकर
हे बरोबर झालं. ओटीला कोण नाही म्हणणार?

पूर्वभागातली
पगार वाढवला हे वाचून खरंच बरं वाटलं. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू आज्या-मावश्या सगळ्याच मराठी वाचत नाहीत, नवरीबरोबर त्याच येतात आणि पैसे त्यांच्याच कमरेला असतात. बोर्डावर तेलुगू हवंच. मजकूर पाठवा, मी लिहून देते.

अबोली_सोलापूर
व्यनि (खाजगी निरोप) केलाय ताई. उद्या पेंटरला द्यायचंय, जमलं तर आज रात्रीच पाठवा.