एनजीसी ६८२२: प्रत ९ असूनही का दिसत नाही?

८ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून २०० पट वर्धनाला एनजीसी ६८२२, म्हणजे बर्नार्डची दीर्घिका, दिसली नाही अशी तक्रार असेल, तर त्यात नवल नाही. प्रत (तेजस्वितेचं माप; आकडा लहान तितकी वस्तू तेजस्वी) ९ च्या आसपास खरी, पण तो प्रकाश पाव अंशाएवढ्या पसाऱ्यात विखुरलेला. वर्धन वाढवलं की ती पार्श्वभूमीत विरघळते. दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिमी असेल तर ३० मिमीची नेत्रिका (आयपीस) लावा, म्हणजे ४० पट. आधी एनजीसी ६८१८ ही ग्रहीय अभ्रिका (मरणपंथाला लागलेल्या ताऱ्याने फेकलेला वायूचा ढग) शोधा, तिथून दक्षिण-आग्नेयेला पाऊण अंशाहून थोडं कमी सरका. अमावास्येच्या सुमारास, शहरापासून लांब. चांदण्यात नादच सोडा.

ओ-थ्री फिल्टर (फक्त ऑक्सिजन वायूचा हिरवट प्रकाश पुढे सोडणारी काच) मात्र दीर्घिकेसाठी नको, ताऱ्यांचा प्रकाशच कापला जातो. तो हबल-५ (V) आणि हबल-१० (X) या दीर्घिकेतल्याच उत्तरेकडच्या तारकानिर्मितीच्या ढगांसाठी राखा; तिथे १५० पट चालेल.