नवीन फोन: १२८ जीबी पुरे, की २५६च घ्यावा?

निळी शाई

मागच्या महिन्यात पुतणीच्या शाळेत नाटक होतं. ती पहिल्यांदाच रंगमंचावर उभी राहणार होती. मी पहिल्या रांगेत, फोन सरसावून. पडदा वर गेला, तिने तोंड उघडलं आणि माझ्या फोनवर पाटी आली: स्टोरेज भरले आहे. घाईघाईने दोन मोठे व्हिडिओ डिलीट केले, तरी जागा होईना. डिलीट केलेली फाइल ३० दिवस 'अलीकडे हटवलेले' मध्ये तशीच पडून असते आणि तोवर जागा अडवते, हे त्या गडबडीत सुचलंच नाही. तिथून रिकामं करेपर्यंत तिची चारही वाक्यं बोलून झाली होती. चारच होती.

आता नवा फोन घेणार आहे आणि माझं मत पक्कं झालंय. २५६ जीबीच्या खाली जाऊच नये. फोनची बॅटरी बदलून मिळते, काच बदलून मिळते. स्टोरेजची चिप मात्र बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. शिवाय फोन आता टिकतात. २०२३च्या पिक्सेल ८ला आणि २०२४च्या गॅलेक्सी एस२४ला कंपन्यांनी ७ वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं आहे. इतकी वर्षं वापरायची वस्तू वाढत्या अंगाची घ्यायला हवी. आजच्या मापाची घेतली की तिसऱ्या वर्षी ती आखूड होणारच.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर कारणासकट सांगा.

रानवाट

असहमत. नाटकाचं वाचून वाईट वाटलं, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

जरा हिशेब मांडू. साधा फोटो २ ते ४ एमबीचा. म्हणजे १०,००० फोटो झाले साधारण ३० जीबी. १०,००० फोटो ही लहान गोष्ट नाही, रोज पाच काढले तरी साडेपाच वर्षं लागतील. आता व्हिडिओ. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच आकडे दिलेले असतात: १०८०पी, म्हणजे फुल एचडी, सेकंदाला ३० फ्रेम असेल तर मिनिटाला अंदाजे ६० एमबी, त्याहून बारीक ४के, ३० फ्रेमला १७०, ४के, ६० फ्रेमला ४००. तासाभराचं तेच चित्रीकरण एका सेटिंगवर ३.६ जीबी आणि दुसऱ्यावर २४ जीबी. फोनच्या पडद्यावर पाहताना हा फरक किती जणांना ओळखू येतो? मला तर येत नाही.

माझा १२८ जीबीचा फोन चौथ्या वर्षात आहे, सिस्टीम धरून ६१ जीबी भरलाय. मी काही संन्यासी नाही, मुलांचे फोटो भरपूर काढतो. फक्त दोन गोष्टी करतो. चॅटमधलं ऑटो डाउनलोड बंद ठेवलंय आणि महिन्यातून एकदा बसून चाळणी लावतो. तुमचा नवा २५६चा फोनही याच सवयीने वापरलात तर तीन वर्षांनी तीच पाटी दिसेल, फक्त तिच्यामागे दुप्पट कचरा असेल.

उंबरठा

निळी शाई यांच्याशी सहमत. १२८ म्हणजे १२८ हातात येतात असं नाही. पहिल्याच दिवशी सिस्टीम आणि आधीपासून घातलेली ॲप्स मिळून १५ ते २५ जीबी बसलेले असतात. पुढे प्रत्येक मोठ्या अपडेटला काही जीबी मोकळी जागा लागते. ती नसेल तर अपडेट अडतं, आणि त्याच्याबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. याचं वाईट मला जास्त वाटतं, कारण बहुतेकांच्या ते लक्षातच येत नाही.

कधीकधी कमी जीबीच्या फोनमध्ये चिपही हळू असते. २०२३च्या गॅलेक्सी एस२३ मध्ये १२८ जीबीला यूएफएस ३.१ ही जुनी, हळू जातीची चिप होती आणि २५६ला यूएफएस ४.० ही नवी, वेगवान. खोक्यावर नाव एकच. आणि आयफोन १३ प्रो आठवा. प्रोरेस म्हणजे व्यावसायिक संपादनासाठीचं, फार जागा खाणारं व्हिडिओचं स्वरूप. ४के प्रोरेसचा एक मिनिट ६ जीबीच्या आसपास जातो, म्हणून १२८च्या फोनवर प्रोरेस १०८०पीपुरतंच ठेवलं होतं. १२८ कुठे तोकडे पडतात हे बनवणाऱ्यांनाही माहीत होतं.

रानवाट

प्रोरेस वापरणारा माणूस हा प्रश्न विचारायला येतच नाही. त्याला उत्तर आधीच माहीत असतं.

पानापक्कड

मी फोन दुरुस्त करतो, १४ वर्षं हेच काम. दोन्ही बाजूंचं वाचलं. एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आधी भरलेल्या फोनबद्दल. लोक सांगतात फोन म्हातारा झाला, हळू झाला. उघडून बघावं तर ९७ टक्के भरलेला. फ्लॅश चिपवर लिहिताना एकेक पान लिहिता येतं, पण पुसायचं तर पानांचा अख्खा गठ्ठा पुसावा लागतो. मोकळे गठ्ठे हाताशी असले की काम भरभर होतं. नसले की चिपला आधी चालू पानं इकडून तिकडे हलवावी लागतात, मग गठ्ठा पुसायचा, मग नवं लिहायचं. तुम्ही एक फोटो काढता आणि आत एवढी हलवाहलव चालते. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, १० ते १५ टक्के जागा कायम मोकळी ठेवा. या हिशेबाने १२८मधली तुमची खरी जागा ९० जीबीच्या आसपास उरते. इथपर्यंत निळी शाई बरोबर आहेत.

आता दुसरी बाजू. मागे एक बाई फोन घेऊन आल्या, पाण्यात पडलेला. ५१२ जीबीचा, सगळ्यात वरचा. बोर्ड गेला होता. वडील वर्षभरापूर्वी वारले, त्यांचे शेवटच्या आजारपणातले सगळे फोटो त्यातच. म्हणाल्या, चिप काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला ना. मला तिथे उभं राहून त्यांना समजवावं लागलं की तसं होत नाही. चिपवरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९पासून, नव्या फोनांना हे सक्तीचंच झालं. आयफोनमध्ये त्याच्याही आधीपासून आहे. चोरापासून तुमचं रक्षण व्हावं म्हणून केलेली सोय, पण बोर्ड मेला की मालकालाही दार बंद. दोन दिवस बोर्डावर बसलो. मिळालं नाही काही.

त्या बाईंनी ५१२ घेतला म्हणूनच सगळं एका जागी साठत गेलं. लहान फोन असता तर दर सहा महिन्यांनी कुठेतरी उतरवून ठेवावं लागलं असतं. माझ्या टेबलावर सर्वात जास्त नुकसान मोठ्या फोनवाल्यांचं होतं, हे मी बघत आलोय.

निळी शाई

पानापक्कड, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

पण मग उतरवायचं कुठे? क्लाउड म्हणाल तर तिथे फुकटची जागा आकसत चालली आहे. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ला संपली. आता १५ जीबी, तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून. ॲपलच्या आयक्लाउडवर ५ जीबी. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी मोजला जात नव्हता, आता तोही त्या १५ मध्येच धरतात. म्हणजे दर महिन्याला भाडं, आणि भाडं थांबलं की सामान बाहेर काढा. स्टोरेज एकदाच विकत घेतलं की ते आपलं. मला स्वतःचं घर बरं वाटतं.

रानवाट

फोन हे घर नव्हे हो, तो खिसा आहे. खिशाला भोक पडतं, खिसा कापला जातो, खिसा कपड्याबरोबर धुतलाही जातो. दागिने कोणी खिशात साठवत नाही. घर हवं असेल तर दोन हार्ड डिस्क घ्या, एक स्वतःकडे आणि एक बहिणीकडे ठेवा. डिस्कला भाडं नाही. २५६साठी जे जादा मोजणार आहात ते त्या डिस्कवर घाला, एवढंच माझं म्हणणं.

खारा वारा

तुम्हा दोघांच्याही वादात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की नेट कायम आहे आणि डिस्क जोडायला संध्याकाळी घर आहे.

मी मालवाहू जहाजावर काम करते. चार-चार महिने पाण्यावर. जहाजावर नेट असतं, पण सगळ्यांत वाटून, मोजून मापून. क्लाउडवरचा फोटो उघडायला गेलं की आधी धूसर चौकोन येतो आणि तो धूसरच राहतो. आयफोनची जागा वाचवायची सोय चालू असली की मूळ फोटो वर जातो आणि फोनमध्ये लहान प्रत उरते, हे मला भर समुद्रात कळलं. मुलीचा वाढदिवसाचा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे असं मी समजत होते. तो फोनमध्ये नव्हताच.

तेव्हापासून ५१२. निघण्याआधी नकाशे, परीक्षेची व्याख्यानं, गाणी, मुलीने वाचून दाखवलेल्या गोष्टी, सगळं उतरवून घेते. केबिनमध्ये रात्री दिवा मालवून तिचा आवाज लावते. ती 'ळ' अजून नीट म्हणत नाही. हे मला नेटच्या भरवशावर ठेवायचं नाही, आणि रानवाट, याला कचरा म्हणू नका.

रानवाट

नाही म्हणणार. तुमच्या बाबतीत ५१२च योग्य. मी शहरात, घराघरात वायफाय असलेल्यांचा विचार करून लिहीत होतो, ते आधीच स्पष्ट करायला हवं होतं.

कोरा कागद

मेमरी कार्डाचं काय? कोणी नावच घेत नाही. १२८चा फोन आणि २५६चं कार्ड, मिटला प्रश्न.

पानापक्कड

खाच असलेला फोन मिळाला तर. गॅलेक्सी एस मालिकेतून २०२१च्या एस२१ पासून ती गेली, आयफोनमध्ये कधी नव्हतीच. बरेचदा जिथे असते तिथे दुसरं सिम किंवा कार्ड यांतलं एकच बसतं. गाणी, सिनेमे यांना कार्ड उत्तम. ॲप्सना नाही, ती रखडतात. आणि ज्या फोटोची दुसरी प्रत नाही तो कार्डावर कधीच ठेवू नका. बनावट कार्डं मी ढिगाने पाहिली. वर लिहिलेलं असतं २५६, आत असतात ३२. भरेपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा जुन्यावर नवं लिहून झालेलं असतं.

ओसरी

मी आईच्या फोनबद्दल लिहिते, कारण इथे सगळे स्वतःबद्दलच लिहीत आहेत. तिचा ६४ जीबीचा फोन कायम भरलेला. रानवाट म्हणतात तशी चाळणी तिला जमत नाही. तिला डिलीटच्या बटणाची भीती वाटते, चुकून काही मोलाचं जाईल म्हणून. मग ती काहीच डिलीट करत नाही. अशा माणसाला शिस्त शिकवण्यापेक्षा मोठा फोन द्यावा, असं माझं ठाम मत होतं.

परवा हा धागा वाचून तिच्या शेजारी बसले. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा', त्यात 'स्टोरेज मॅनेज करा'. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेलं, असे वेगळे गठ्ठे दिसतात. २६ जीबी नुसतं व्हॉट्सॲप होतं. एकाच ग्रुपचे ११ जीबी, आणि तो ग्रुप ती उघडतही नाही! चष्मा लावून ती एकेक बघत होती, मी विचारत होते, हे ठेवायचं? नको. हे? नको. तासाभरात १४ जीबी मोकळे झाले. इथपर्यंत रानवाट जिंकले.

मग बाबांच्या चॅटशी आलो. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. मी यादी न बघता सगळ्यावर खूण करायला गेले आणि तिने माझा हात धरला. आत ४० सेकंदांची एक व्हॉइस नोट होती. बाजारातून काय आणायचं ते विचारत होते, मागून गाड्यांचा आवाज. तिने ती लावली, दोनदा ऐकली. तिला डिलीटची भीती का वाटते ते मला तेव्हा समजलं.

आता माझं काही मत उरलेलं नाही. मोठा फोन घेतला तर ती नोट कचऱ्यात आणखी खोल पुरली जाईल. लहान ठेवला तर कोणीतरी घाईत एक दिवस सगळ्यावर खूण करेल. पानापक्कड, ती नोट आधी सुरक्षित कशी करू?

पानापक्कड

ताई, आजच करा. त्या नोटेवर बोट दाबून धरा, शेअर करा आणि स्वतःला ईमेलने पाठवा. एक प्रत झाली. फोन अँड्रॉइड असेल तर फाइल मॅनेजरमध्ये व्हॉट्सॲपच्या मीडियात 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स' असा फोल्डर आहे, आत आठवड्यांचे उपफोल्डर. तो पूर्ण फोल्डर केबलने संगणकावर घ्या, तिथून पेन ड्राइव्हवर. फाइलचा शेवट 'ओपस' असा असेल. नाव बदलून बाबांचं नाव आणि तारीख घाला, नाहीतर पुढे शोधून सापडणार नाही. आणि आईसमोर पेन ड्राइव्हवरून वाजवून बघा. वाजलं की मगच बाकीच्या सफाईला हात लावा.

निळी शाई

मी २५६च घेतोय, मत बदललेलं नाही. पण काल रात्री आधी जुना फोन संगणकाला जोडला. ७१ जीबी उतरवायला सव्वा तास लागला. दुसरी डिस्क रविवारी बहिणीकडे ठेवून येतो. पुतणीच्या नाटकाचं चित्रीकरण दुसऱ्या एका पालकांनी केलं होतं. त्यांना मेसेज केलाय.